गल्लीकडची खोली

धक्क्यासमोरचं जुनं हॉटेल नव्यानं उघडणार, आणि उघडण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एक दिवस फुकट राहायला यावं, असं मॅनेजर स्वतः दारोदार फिरून सांगू लागला, तेव्हा सगळी आळी हरखून गेली. न हरखलेली बाई एकच. ताडपत्रीवाल्या मावशी.

"फुकट?" मशीनवरची मान वर न करता त्यांनी विचारलं.

"अगदी फुकट. जेवण, चहा, नाश्ता, सगळं. आमच्या माणसांचा सराव व्हायला हवा ना, मावशी. खरे पाहुणे यायच्या आत चुका कळलेल्या बऱ्या."

"म्हणजे आम्ही खोटे पाहुणे."

"तसं नाही हो..."

"आणि आम्ही तिकडे सराव देत बसायचं, तेव्हा इकडे कोण येणार?"

मॅनेजर हसला. तो फार हसायचा, आणि त्याचं हसणं पुढच्या दातांपलीकडे जात नसे, हे मावशींनी पहिल्याच दिवशी टिपून ठेवलं होतं. फुकट देणारा माणूस काहीतरी न्यायला आलेला असतो, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. या माणसाला काय न्यायचं होतं तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याला गल्ली हवी होती.

मावशी होड्यांची आच्छादनं शिवत. लाँचवर घालायचं कापड एवढं लांब असतं की ते कुठल्याही खोलीत अंथरता येत नाही. हॉटेलची मागची भिंत आणि मावशींची पत्र्याची शेड, दुकानही तेच आणि घरही तेच, यांच्यामध्ये एक सरळसोट गल्ली होती. तिथे कापड पसरायचं, खडूनं आखायचं, गुडघ्यावर सरकत सरकत कापायचं. मावशींचे वडील असंच करत, आणि त्यांच्यामागे मावशीही तेच करत आल्या. नवं कापड मळू नये म्हणून खाली एक जाड ताडपत्री कायमची अंथरलेली असे. ती फाटली की तिच्यावरच दुसरी. खालची काढायची नाही. वडिलांनी बजावून ठेवलं होतं, "ही गल्ली आपली. अंथरलेलं उचललंस, की गेली म्हणून समज."

हॉटेल कुलपात होतं तोवर कुणी विचारायला आलं नाही. डागडुजी सुरू झाली आणि मावशींची झोप उडाली. परांचीचा एक बांबू त्यांनी गल्लीत टेकू दिला नाही. मुकादम गयावया करायचा, मावशी म्हणायच्या, "गल्ली माझ्या बापाची आहे. तुझ्या बापाची असली तर बोल." मुकादम लांबून वळसा घालून जायचा. गल्ली गेली असती तर मावशींच्या हाती काय उरलं असतं? पिशव्या आणि छत्र्यांची दुरुस्ती. होडीवाल्यांनी दुसरं दार धरलं असतं.

तेव्हा हे आमंत्रण त्या सरळ धुडकावणार होत्या. पण नेमकी धाकटी बहीण माहेरपणाला आली होती.

"ताई, लहानपणी त्या दाराच्या भोकाला डोळा लावून बसायचो आपण, आठवतं? आतला जिना कधी पुरता दिसला नाही. मला एकदा त्या जिन्यानं वर जायचंय. मग मेले तरी चालेल."

"वर जाऊन मरू नकोस. ते त्याचंही भाडं लावतील."

"फुकट आहे ना!"

"म्हणून तर म्हणते."

धाकटी रुसली, जेवली नाही, मग जेवली, पण बोलली नाही. शेवटी मावशींनीच विचार केला. बाहेर राहून यांचे बेत कळत नाहीत. आत शिरलं तर कळतील. त्यांनी मॅनेजरला निरोप धाडला, येतो म्हणून. अट एकच. खोली गल्लीकडची हवी.

मॅनेजर धावत आला. "मावशी, सगळे समुद्राकडची मागतात. मागच्या बाजूनं काही दिसत नाही हो. भिंती, पत्रे आणि..."

"आणि माझं दुकान. तेच बघायचंय."

"दुकान तुम्ही रोज बघता की."

"खालून बघते."

मॅनेजरचं हसू पहिल्यांदाच अर्ध्यावर थांबलं. या बाईच्या मनात काय आहे, असा प्रश्न त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसला. मावशींना बरं वाटलं.

ठरल्या दिवशी दुपारी मावशींनी शेडला कुलूप घातलं, ते ओढून पाहिलं, चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढलं. गल्लीतल्या ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर नेहमीचे धोंडे होतेच, त्यांत आणखी भर घातली. मग दोघी बहिणी पुढच्या दारानं हॉटेलात शिरल्या.

दारातच मॅनेजरनं त्यांना थांबवलं. "पायाखाली बघा." उंबऱ्याबाहेर काळ्या दगडांची एक पट्टी होती, हातभर रुंद, आरशासारखी घासलेली. "ही मातीत गाडली गेली होती. हॉटेल बांधणाऱ्यांनी आपल्या जागेची हद्द अशी आखली होती, चारी बाजूंनी. तीन बाजू आम्ही शोधून काढल्या. मागची तेवढी राहिली."

"ती का राहिली?" धाकटीनं भोळेपणानं विचारलं.

मॅनेजर खाकरला. "मागं मावशींचं अंथरूण असतं ना."

आलं पोटातलं ओठावर, मावशी मनात म्हणाल्या.

धाकटी जिना चढली ती प्रत्येक पायरीवर थांबत, कठड्यावरून हात फिरवत. मावशी तिच्यामागून चढल्या त्या मागे बघत. खोली मोठी होती. उंच छत, पितळी कड्या, जुना शिसवी पलंग, पांढरीशुभ्र चादर. धाकटी पलंगावर बसून हळूच उसळून पाहत होती. मावशींनी पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटामागची भिंत ठोकली, आणि दाराला आतून आपलं घरचं कुलूप लावलं. मग पडद्याची दुमड उलटून टाके पाहिले. "सैल टाका. वर्षभरात उसवेल. बाहेरून झगमग."

टेबलावर सफरचंदं ठेवली होती.

"खाऊ नकोस," मावशी म्हणाल्या.

"का? विष घातलंय?"

"मिंधेपणा घातलाय. आज सफरचंद खा, उद्या गल्ली दे."

"सफरचंदाला गल्ली कोण मागतं गं?" धाकटीनं एक उचलून कचकन चावलं. "छान आहे. गल्ली देऊन टाक."

मावशींनी खिडकीशी खुर्ची ओढली. खाली त्यांची शेड, शेडचे गंजके पत्रे, ताडपत्री, धोंडे. सगळं जागच्या जागी. थोड्या थोड्या वेळानं एक मुलगी दार वाजवी आणि टॉवेल देऊन जाई. टॉवेलांची चळत झाली. मुलगी दर वेळी मान लांब करून खिडकीकडे बघे.

"ही टेहळणीला पाठवलीय," मावशी म्हणाल्या.

"ताई, दोन बायकांना टॉवेल देण्यात कसली आलीय टेहळणी?"

"एवढे टॉवेल? आपण काय बुडून आलोय?"

संध्याकाळी सगळे शेजारी खाली जेवायला जमले. मावशींनी ताट वर मागवलं आणि खिडकीशी बसून जेवल्या. पहाटेपर्यंत खुर्ची सोडली नाही. गल्लीत एक मांजर सोडून कुणी फिरकलं नाही. एवढी शांतता मावशींना मुळीच आवडली नाही.

जे व्हायचं ते सकाळी झालं. सरावाचाच भाग म्हणून हॉटेलातले सगळे नळ एकदम उघडले होते. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली, आणि मागच्या भिंतीवरच्या जुन्या पाइपाचा सांधा निखळला. पाण्याचा लोटच्या लोट गल्लीत कोसळला, ताडपत्रीखाली शिरला आणि ती गाभण म्हशीच्या पोटासारखी फुगली. मॅनेजर दोन माणसं घेऊन धावत आला. "उचला, उचला! मावशींचं कापड सडेल!"

मावशी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आल्या. "हात लावू नका! कुणी हात लावायचा नाही!"

पण पाण्याच्या आवाजात ते खाली पोचलं नाही. माणसांनी धोंडे बाजूला सारले, वरची ताडपत्री ओढली, तिच्याखालची ओढली, त्याखालच्या कुजून काला झालेल्या थरांचे लगदेही ओढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गल्ली उघडी पडली. पाणी माती धुऊन नेत होतं आणि मावशी वरून बघत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी, हॉटेलच्या कोपऱ्यावरून, एक काळी पट्टी निघाली होती. हातभर रुंद. पाण्यानं चकाकत ती सरळ आली, हॉटेलच्या भिंतीपासून चांगलं अंतर राखून, गल्लीच्या पलीकडच्या कडेनं, आणि मावशींच्या शेडच्या पुढच्या भिंतीखाली शिरली. शेड संपते तिथे, नळापाशी, ती पुन्हा बाहेर आली आणि तशीच सरळ पुढे गेली.

खालच्या माणसांचं लक्ष पाइपाकडे होतं. गढूळ पाण्यात उभे राहून ते वर बघत होते. पट्टी दिसत होती ती फक्त या खिडकीतून.

"अगं ताई," धाकटी कानाशी पुटपुटली, "हे तर त्या पुढच्या दारातल्यासारखंच..."

"तोंड धुऊन ये."

"म्हणजे गल्ली त्यांची. आणि आपली शेड अर्धी..."

"तोंड धू म्हटलं ना!"

धाकटी गेली नाही. पाणी वाहत होतं, आणि तिच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या होत्या. "म्हणजे आपण हॉटेलात कालपासून नाही राहत. जन्मल्यापासून राहतोय. तेही फुकट!"

मावशींना हसू आलं नाही. मशीन कुठे आहे ते त्या मनात आखत होत्या. मशीन पट्टीच्या अलीकडे, म्हणजे हॉटेलात. खुर्ची पलीकडे, घरात. पाय पुन्हा हॉटेलात. आणि वडिलांचं बजावणं त्यांना ऐकू येत होतं. अंथरलेलं उचललंस, की गेली. त्या बोलण्याचा त्यांनी आयुष्यभर एकच अर्थ लावला होता. लोक घेऊन टाकतील, एवढाच. बाबांना ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं.

पाणी बंद झालं. मावशींनी पुन्हा हाक मारली, आणि या वेळी ती धक्क्यापर्यंत ऐकू गेली असेल.

"पसरा! होतं तसं पसरा!"

मॅनेजरनं वर पाहिलं. "मावशी, ओलं आहे! वाळवून आणून देतो!"

"ओलंच पसरा!"

"कुजेल हो!"

"कुजू दे! माझं आहे!"

माणसांनी खांदे उडवले आणि ओली ताडपत्री ओढून गल्लीभर घातली. मॅनेजर मात्र कमरेवर हात ठेवून बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. आधी हात लावू नका, मग ओलंच पसरा.

नाश्त्याला तो त्यांच्याच टेबलाशी येऊन उभा राहिला. ऑम्लेट, पाव आणि चहा आला. त्यानं माफी मागितली, पाइप आजच बदलतो म्हणाला, आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "आता भिजलंच आहे, तर दोन दिवस अंथरूण काढून गल्ली स्वच्छ करून देऊ का? आमची मागची पट्टीही सापडेल."

धाकटीनं चहात तोंड बुडवलं. मावशींनी पाव शांतपणे मोडला. रात्रभर न झोपलेल्या बाईचा तो आवाज नव्हताच, इतका तो गोड आला.

"स्वच्छ काय, कधीही करता येईल. पण तुमच्या त्या खोलीत एक खोट आहे. सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत येतं. माणूस झोपू शकत नाही. मी झोपले नाही, हिला विचारा."

"नाही झोपली," धाकटी म्हणाली. ते खरंच होतं.

"मागच्या सगळ्या खिडक्यांवर कापडी छपरं हवीत. चांगली खाली उतरलेली, पार चौकटीच्या खालपर्यंत. मी शिवून देते."

"मावशी, त्याला खर्च..."

"खर्चाचं कोण बोलतंय? शेजारी आहोत. फुकट देते." त्यांनी ऑम्लेटचा तुकडा तोंडात घातला. "फक्त एवढं लांब कापड कापायला गल्ली लागेल. अंथरूण हलवून चालणार नाही. तुमची माणसंही तिथे नकोत. पायांचे डाग पडतात."

मॅनेजर हसला नाही. "फुकट?" त्यानं विचारलं.

"अगदी फुकट."

छपरं महिन्याभरात झाली. जाड, दुहेरी शिवणीची, एवढी उतरती की गल्लीकडच्या खोलीतून आता खाली फक्त कापडाची किनार दिसते आणि वर आभाळाची एक चीर. खरे पाहुणे ती खोली मागत नाहीत. तिथे टॉवेल ठेवतात.

मॅनेजर मधूनमधून शेडच्या दारात येतो. एखाद्या छपराच्या शिवणीवरून बोट फिरवलेलं असतं त्यानं, त्यात काही सापडलेलं नसतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसतं.

"मावशी," एकदा तो म्हणालाच, "खरं सांगा, हे फुकट का दिलंत?"

मावशी मशीनवरून मान वर करतात. पाय हॉटेलात, खुर्ची घरात. आणि मग त्या हसतात, अगदी त्याच्यासारख्या, पुढच्या दातांपुरत्या.