या, हलके व्हा

कॉलेजच्या व्यायामशाळेच्या तळमजल्यावर एका बाजूला मॅट ठेवायची खोली आणि दुसऱ्या बाजूला मुलींचं स्वच्छतागृह. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत कानबाई बसायच्या. हे नाव खेळाडूंनी ठेवलेलं, कारण या बाई दिवसभर ऐकतात. दारावर ‘क्रीडा समुपदेशक’ अशी पाटी होती आणि पाटीखाली प्राचार्यांनी हौसेनं लावलेलं पोस्टर. सूर्याकडे हात पसरून उभी असलेली एक हसरी मुलगी, आणि तिच्या पायाशी ठळक अक्षरांत, ‘या, हलके व्हा!’ शेजारीच स्वच्छतागृह असल्यामुळे पोरांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. नेमकं कुठल्या दारात हलकं व्हायचं, असं येणारा-जाणारा विचारून जायचा. कानबाईंनी रुजू झाल्या झाल्या ते पोस्टर काढायची विनंती केली होती. ते वाक्य माझं स्वतःचं आहे, असं प्राचार्यांनी सांगितलं आणि विषय संपला.

त्याआधी कानबाई एका मोठ्या इस्पितळात होत्या. तिथे माणसं आपलं दुखणं ओळखून यायची. इथे कुणाला दुःख नव्हतंच. गुडघे होते, खांदे होते, पोटऱ्या होत्या. धावणारा पोरगा गुडघा धरून यायचा, गुडघ्यात काही नाही म्हणून मालिशवाले त्याला हात जोडायचे, आणि मग तो नाइलाजानं या खोलीत येऊन छताकडे बघत बसायचा. कानबाई मनाचं नावही काढत नसत. गुडघ्यापासून सुरुवात करायची आणि हळूहळू वर सरकायचं, ही त्यांची रीत. घामाचा, ओल्या बुटांचा आणि मालिशच्या तेलाचा वास महिनाभरात अंगवळणी पडला. अंगवळणी पडली नाहीत ती पोरांभोवतीची मोठी माणसं. एका पोराचे वडील गेले, तर कोचनं त्याच आठवड्यात त्याला मैदानात उतरवलं आणि रडताना फोटो निघावा म्हणून वर्तमानपत्रवाल्याला बोलावून घेतलं. पोरगा हरला. मग कोच म्हणाला, याला वडिलांची काही पडलेली नाही. त्या दिवशी कानबाईंना घरी जाऊन जेवण गेलं नाही.

घरी फक्त आई होती, आणि तिला ऐकू कमी यायचं. “मी ठार बहिरी, आणि माझी लेक ऐकण्याचा पगार घेते,” असं ती आल्यागेल्याला सांगायची. लेकीचा चेहरा मात्र तिला न ऐकता वाचता यायचा. आज परत शिट्टीवाला का, एवढंच ती विचारायची.

शिट्टीवाला म्हणजे ज्युदोचा कोच. शिट्टी त्याच्या गळ्यात नव्हे, तोंडातच असायची. बोलण्यापुरती तो ती गालात सरकवायचा, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य थुंकीसकट यायचं. त्याच्याकडे एक मुलगी होती. अंगानं शिडशिडीत, पण पकड अशी की चांगल्या चांगल्यांना घाम फुटावा. तिच्याच वजनगटात त्याची आणखी एक तगडी खेळाडू होती. दोघींना वेगवेगळ्या गटांत उतरवलं तर दोन पदकं, असा त्याचा साधा हिशेब. म्हणून हिनं खालच्या गटात जायचं. त्यानं तिचं नावच ‘कापूस’ ठेवलं. कापूस भिजला की जड होतो, असं म्हणत त्यानं सरावात तिच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली. सगळे हसले, तीही हसली.

ती कानबाईंकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. एवढंसं तोंड झालेलं, ओठ फुटलेले. सुरुवातीला मनगटाबद्दल बोलली, मग आईबद्दल, मग एकदा ढसाढसा रडली. रडून झाल्यावर कानबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “हलकं वाटलं का?” हा प्रश्न त्यांच्या तोंडी इतका बसला होता की तो आपण विचारतो हेही त्यांच्या लक्षात यायचं नाही. मुलीनं मान हलवली आणि गेली. शेजारच्या स्वच्छतागृहात नळ सुटल्याचा आवाज आला. तोंड धुत असेल, असं कानबाईंना वाटलं.

शिट्टीवाल्यानं त्यांना बोळात गाठलं आणि शिट्टी गालात सरकवून विचारलं, “काय मॅडम, हलकी झाली का आमची कापूस?” आत काय बोलणं झालं हे कानबाई कुणाला सांगत नसत. पण पोरीला त्रास होऊ नये म्हणून त्या म्हणाल्या, झाली थोडी. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या संघासमोर जाहीर केलं की मॅडमनीसुद्धा सांगितलंय, हलकी झालीय, अजून होईल. हे कानावर आलं तेव्हा कानबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या त्याला सांगायला गेल्या की मी मनाबद्दल बोलत होते. तो म्हणाला, मनाचं वजन काट्यावर दिसत नाही, आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की शिट्टी वाजली.

मुलगी येत राहिली, रडत राहिली, आणि गेल्यावर नळ सुटत राहिला. मग एक दिवस टाकीत पाणी नव्हतं. ती बाहेर पडली, शेजारचं दार लागलं, आणि या वेळी नळाआड काही लपलं नाही. भिंतीपलीकडून ओकारीचा आवाज आला. पुन्हा आला. पोटात काही उरलेलं नसताना येतो तसा, कोरडा.

कानबाई धावत तिकडे गेल्या. मुलगी बेसिनला धरून उभी होती, बोटं ओली, डोळे लाल. त्यांना बघून ती घाबरली नाही. उलट पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसं म्हणाली, “तुम्हीच विचारता ना मॅडम, हलकं वाटलं का? तिथे बसून नाही वाटत. इथे येऊन गेलं की वाटतं.”

कानबाईंना स्वतःच्या जिभेची किळस आली. त्या शब्दाची आली, दारावरच्या त्या हसऱ्या मुलीची आली. हिला हा शब्द सगळ्यांनी मिळून भरवला होता, आणि तिच्या पोटात राहिला होता तो तेवढाच.

पहिल्याच भेटीत त्यांनी तिला सांगितलं होतं की इथलं बोलणं इथेच राहील, फक्त जिवावर बेतलं तर मी गप्प बसणार नाही. ते त्यांनी तिला परत सांगितलं. ती पाया पडू लागली. स्पर्धा दोन दिवसांवर आहे, तेवढी होऊ द्या म्हणाली. कानबाई प्राचार्यांकडे गेल्या. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, स्पर्धा आपल्याकडेच आहे, पाहुणे येणार आहेत, त्यानंतर आपण यावर एक छान शिबिर घेऊ. शिट्टीवाला म्हणाला, सगळेच ओकतात मॅडम, मीही ओकलोय. त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता.

वजनाच्या सकाळी व्यायामशाळेच्या कोपऱ्यात पडदा लावून काटा मांडला होता. मुलगी रांगेत उभी होती, अंगात दोन-दोन जाकिटं, चेहरा पांढराफटक. एका मोठ्या डब्यात ती थुंकत होती. शेवटचे काही थेंब तरी कमी व्हावेत म्हणून शिट्टीवाल्यानं तो डबा तिच्या हाती दिला होता आणि वर पाठीवर थापही मारत होता. कानबाई सरळ स्पर्धेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि बघितलं ते सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, पापणी ओढून बघितली आणि तिला काट्यावर चढूच दिलं नाही.

डबा खाली पडला, फरशीवर सांडला. मुलगी सगळ्यांसमोर कानबाईंकडे बघून शांतपणे म्हणाली, “ऐकायचं काम होतं तुमचं. तुम्ही माझं वाटोळं केलंत.”

कानबाईंनी फडकं आणून फरशी पुसली, कारण दुसरं कुणीच पुसत नव्हतं.

बक्षीस समारंभात प्राचार्यांनी कॉलेजच्या दक्षतेवर लांबलचक भाषण केलं आणि पोस्टरचाही उल्लेख केला. टाळ्या पडल्या. शिट्टीवाला दुसऱ्या मुलीच्या पदकासोबत फोटो काढत होता. कानबाई तळमजल्यावर गेल्या आणि पोस्टर नखांनी खरवडून काढलं. चिकटपट्टीचे कोपरे तसेच राहिले. त्यांना कुणी जाब विचारला नाही, कारण ते गेल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. नोकरी सोडावी असं त्यांच्या मनात बरेचदा आलं. मग पुढचा गुडघा दारात उभा राहायचा.

मुलगी इस्पितळात जाते आहे, असं उडत उडत कळायचं. ती आली ती पुढचं सत्र सुरू झाल्यावर. दारावरच्या फिकट चौकोनाकडे तिनं बघितलं, आत येऊन बसली आणि मनगटाबद्दल बोलली. रडली नाही. माफीही मागितली नाही. उठायची वेळ झाली तेव्हा कानबाईंच्या तोंडाशी तो प्रश्न आला, आणि त्यांनी जीभ चावली.

मुलीच्या ते लक्षात आलं. “विचारा ना,” ती म्हणाली.

“नाही विचारणार.”

“आज जड वाटतंय, मॅडम,” ती म्हणाली. “येताना पोटभर जेवून आले.”

ती बाहेर पडली. कानबाई श्वास रोखून कान देऊन बसल्या. पावलं शेजारच्या दारापाशी रेंगाळली, बराच वेळ रेंगाळली, आणि मग जिना चढून गेली.