वरचा अर्धा फळा

फळ्यावर ती कायम खालच्या अर्ध्या भागातच लिहायची. मागच्या बाकांवरच्या पोरी उभ्या राहून उतरवून घ्यायच्या. एखादीचं उत्तर चुकलं की ही तळहातावर खडू उडवून झेलायची आणि म्हणायची, "जाऊ दे. पुढचा बॉल." भूगोलाच्या तासाला पुढचा बॉल! शिपाईमामांच्या हातून चहा सांडला तरी तेच, हेडसरांनी झापलं तरी तेच.

तुम्ही तिला टीव्हीवर पाहिलेलं आहे. नाव सांगत नाही. सांगितलं की लगेच म्हणाल, "हां, ती होय! टॅलेंट लई होतं, पण मन कच्चं." हे मी एसटीत ऐकलंय, किराणा दुकानात ऐकलंय. एका लग्नाच्या पंगतीत तर वाढप्याने माझ्या पानात भात टाकता टाकता ऐकवलंय. दरवेळी माझं डोकं सणकतं. ती आमच्या शाळेत शिकवत होती तोवर तिने मला बोलू दिलं नाही. आज सांगून टाकते.

आमचं गाव तलवाड्याच्या पुढं. तिथल्या मुरमाड माळावर पोरांबरोबर खेळत ती लेगस्पिन शिकली. भारताच्या संघात निवड झाली तेव्हा गाव येडं झालं. व्हावंच की! पण आमच्याकडे आनंद झाला की ज्याचा आनंद त्यालाच बसू देत नाहीत. दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, भर उन्हात मिरवणूक. डीजे, फेटे, आणि फुलं उधळायला जेसीबी. तिची आई एकेकाला विनवत होती, "आवो, पोरीला निजू द्या जरा, उद्या विमान हाय." ऐकतंय कोण!

आमचे पुढारी जेसीबीच्या बकेटात उभे होते. फोटोसाठी ती वर हवी होती. शिडी आणायला कुणाला सवड? दोघांनी वरून तिचा उजवा हात धरला, बॉल टाकायचा हात, आणि ज्वारीचं पोतं ओढावं तशी ओढली वर. मी खालीच उभी होते. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. फोटोत मात्र हसतेय. तो फोटो पुढाऱ्यांच्या बैठकीत अजून लावलेला आहे.

तोच दुखावलेला खांदा घेऊन ती परदेशात खेळली. सांगितलं तर परत पाठवतील, म्हणून दात आवळून गप्प राहिली. शेवटचं षटक नेमकं तिच्याकडे आलं. हात फिरेना, बॉल वळेना, षटकार बसले, सामना गेला. टीव्हीवरचे शहाणे म्हणाले, दबाव झेपला नाही. गावाने तेच उचललं. चौकातला तिचा बॅनर उतरला आणि तिथे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा चढला. संघातून नाव गेलं ते गेलंच. ती आमच्या शाळेत खेळाची बाई म्हणून आली, भूगोलही तिच्याच गळ्यात पडला. हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून तो खालचा फळा.

"तू बोलत कावून न्हाईस गं?" मी एकदा चिडून विचारलं.

"काय बोलू, ताई? हात धरणाऱ्यांत एक माझाच चुलतभाऊ हाय. गाव त्याला जगू द्यायचं न्हाई." आणि खडू उडवून, "पुढचा बॉल."

डोंबल पुढचा बॉल! मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणे कोण? तेच पुढारी! माईक हातात आला आणि सुटले. "पोरींनो, नुसत्या टॅलेंटनं काय होत न्हाई. मन घट्ट लागतं. नसलं की काय होतं, ते तुमच्यापुढंच बसलंय."

पोरींनी माना खाली घातल्या. मी ताडकन उठले. सगळं अगदी जिभेवर आलं होतं. तिने डाव्या हाताने माझा पदर धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उठली. पाहुण्यांना शाल घालायचं काम तिच्याकडे होतं. साहेब उंच, हिचा हात वर जाईना.

"जरा वाका, साहेब," ती म्हणाली.

साहेब वाकले. कशासाठी वाकलो, हे त्या माणसाला आजतागायत माहीत नाही. आणि म्हणे हिचं मन कच्चं!

यंदा ती शाळा सोडून गेली. दुसऱ्या राज्यात मुलींना क्रिकेट शिकवते. भूगोल माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी मी फळ्याच्या अगदी वरून नद्यांची नावं लिहायला घेतली. वळून पाहिलं तर मागच्या पोरी उभ्या.

"बसा की गं. दिसतंय ना?"

"दिसतंय, बाई. पण ह्या तासाला आमी उभ्याच ऱ्हातो."

मी वरचं सगळं पुसलं आणि खालून लिहायला लागले.