सूपभर कोंड्याची लेक

जाईबाईची पहिली दोन लेकरं अंगावर पिती असतानाच गेली. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा सासूनं पाचवीच्या आतच ती शेजारच्या साळूबाईला सूपभर कोंड्यावर विकली. आमच्याकडं ही रीतच आहे. मूल दुसऱ्याचं झालं की नेणाऱ्याची नजर चुकते म्हणतात. पोरीचं नावही कोंडा ठेवलं. ती वाढली जाईबाईच्याच घरात, जेवली तिच्याच ताटात. पण आई म्हणायची साळूबाईला, आणि जन्म दिलेल्या बाईला वैनी. कुणी परक्यानं जाईबाईला विचारलं, "लेकरं किती?" तर ती खाली बघून म्हणायची, "देवानं ठेवलं न्हाई."

नवरा आकाराम पलटणीतून सुटून विलायतेला ओतकामाच्या कारखान्यात लागला होता. एकोणसत्तर साली त्यानं दोघींना बोलावून घ्यायचं ठरवलं. मुंबईच्या इंग्रज वकिलातीचा कागद आला: मायलेकींनी समक्ष हजर व्हावं. मी विट्याजवळच्या त्या वाडीत शाळेवर होते, म्हणून जाईबाई तो माझ्याकडं घेऊन आली. तिथं पोरांनाही विचारतात, उत्तर जुळलं नाही तर माघारी धाडतात, असं आकारामनं आधीच कळवलं होतं.

"बाई, कोंडीला काय इचारतील?"

"हेच, की ही तुझी कोण."

जाईबाईचा चेहरा उतरला. चौकटीला धरून ती खालीच बसली.

संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला आणि साहेब होऊन खुर्चीवर बसले. कोंडाला पुढं उभं केलं. "ही कोण गं?"

"वैनी."

"आई म्हणायचं, बाळ."

"आई तकडं हाय," तिनं साळूबाईच्या घराकडं बोट केलं. "शेण काढतीया."

साळूबाई हात धुऊन आली आणि हसायलाच लागली. "आगं, तुजी तू घिऊन जा की! मी काय कोंडा माघारी मागतीया? म्हस कवाच खाऊन बसली."

"तसं बोलू नगा आक्का," जाईबाई कळवळून म्हणाली. "माघारी घेतली तर ज्याची नदर चुकवली त्येला कळंल."

मी म्हटलं, "एकदाच म्हणायचंय. आणि खरंच आहे की ते."

"खरं हाय म्हणूनच भ्या वाटतंय, बाई. खोटं असतं तर धडाधडा म्हटलं असतं."

मी पोरीला पुन्हा विचारलं. ती हळूच "आ" म्हणाली न म्हणाली, जाईबाईनं झडप घालून तिचं तोंड दाबलं. सकाळी कोंडाचं अंग कढत लागलं. हिवाळी ताप होता, दोन काढ्यांनी उतरलाही; पण जाईबाईनं त्या शब्दाचा सराव बंद केला तो केलाच. मी रागावले नाही. देवाला फसवता येत नाही, असं मी मानते. पण दोन लेकरं मातीत ठेवून आलेल्या बाईला ते सांगायला माझी जीभ उचलली नाही.

मुंबईला माझा भाऊ होता, म्हणून सोबत मीच गेले. वकिलातीत मला आत बसू दिलं, पण मधे बोलायचं नाही अशी ताकीद होती. साहेब गोरा, त्याच्याशेजारी त्याचं बोलणं मराठीत सांगणारे एक गृहस्थ. जाईबाई खुर्चीच्या कडेवर टेकली होती. नवऱ्याचं गाव, सासऱ्याची जमीन, लग्नाचं साल, सगळं तिनं नीट सांगितलं. मग त्या गृहस्थांनी सहज विचारलं, "मुलं किती?"

"देवानं ठेवलं न्हाई," जाईबाई म्हणाली.

इतक्या वर्षांची सवय, ती तोंडातून निघून गेली होती. गृहस्थांनी कागद पाहिला, कोंडाकडं पाहिलं. "मग ही मुलगी कुणाची?"

जाईबाईनं पोरीचा हात घट्ट धरला. साहेबानं लेखणी खाली ठेवली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

"बाई, ही तुमची नसेल तर तसं सांगा. लिहून घेतो."

तेव्हा ती उठून उभी राहिली. "माजी हाय," ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की बाहेरचा शिपाई डोकावला. "माज्या पोटची हाय. इकली व्हती, जगावी म्हणून." आणि रडत रडत कोंड्याची सगळी हकीकत तिनं सांगितली. गृहस्थांना ती इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला. साहेबानं एकच विचारलं, कोंडा म्हणजे काय? मग तो पोरीकडं वळला. गृहस्थ म्हणाले, "बाळ, ही तुझी कोण?"

कोंडा जाईबाईकडं बघत राहिली. जाईबाईनं डोळे मिटले. "सांग," ती म्हणाली.

"आई."

साहेबानं लिहिलं. परवाना मिळेल, असं गृहस्थांनी सांगितलं. जाईबाईनं हात जोडले.

बाहेर आलो तर पोरगी सुटलीच. "आई, पानी दे. आई, त्ये कबुतर बघ. आई, आता आपुन कुठं जायाचं?" आणि दर हाकेला जाईबाई तिला पदराखाली ओढून घ्यायची आणि मान वळवून मागं बघायची, कुणी ऐकलं का म्हणून.