पांढऱ्या दातांचा फोटोवाला

"दात देवाने दिले असतील, पण पांढरे मी केले," असं फोटोवाला एकदा भरल्या दुकानात म्हणाला होता. आणि ते खोटं नव्हतं.

गावाला पाणी बोअरचं. खोलवरून यायचं, काचेसारखं नितळ. त्यातलं फ्लोराइड कुणाला दिसायचं नाही, दिसायचे ते दात. लहानपणापासून ते पाणी प्यालेल्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे, आणि वय झालं की गुडघे गंजक्या बिजागरीसारखे. फोटोवाल्याची बायको खाली बसली की तिला उठवायला दोन माणसं लागत, म्हणून ती बसतच नसे. भाजी उभ्याने चिरायची, भांडायचीही उभ्यानेच.

फोटोवाला संगणकावर सगळ्यांचे दात पांढरे करून द्यायचा. सांगावंही लागत नसे. एकदा एका नवरदेवाचा बाप तणतणत दुकानात आला. "फोटोतली मुलगी कुठंय?"

"तुमचा मुलगा तरी फोटोतला आहे का?"

बाप आल्या पावली परत गेला.

पाणी शुद्ध करायचं यंत्र मिळावं म्हणून शाळेने सरकारी कचेरीत अर्ज केला. पुरावा म्हणून चाळीस मुलांचे फोटो जोडले. ओळखपत्रांसाठी फोटोवाल्यानेच काढलेले. अर्ज परत आला. शेरा होता : मुलांचे दात उत्तम आहेत. यंत्राची गरज दिसत नाही.

शाळेतून घरी आलेला तो कागद बायकोने दोनदा वाचला. "अहो, पोरांचेही रंगवलेत?"

"सवयीने हात गेला."

"तुमचा हात सगळ्या गावाच्या तोंडात." ती ओट्याला टेकली. "नात चार वर्षांची आहे. तिचे पक्के दात आत्ता हिरडीत तयार होतायत. पट्टे तिथेच पडतात, डॉक्टरांनी सांगितलंय. ते पण संगणकावर धुणार का?"

"मूळ फोटो आहेत माझ्याकडे."

"मग चला कचेरीत."

"अगं, कबूल केलं तर उद्या दुकानाची पायरी कोण चढेल? अर्ध्या गावाची लग्नं माझ्या फोटोंवर जमलीत."

"जमलीत ना? मोडत नाहीत आता. पिशवी घ्या."

कचेरीत मागच्या बाकावर गावातली पाच-सहा माणसं आपापल्या कामासाठी बसली होती. साहेबांनी अर्जाला जोडलेले फोटो आणि पिशवीतले मूळ फोटो असे दोन गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले. तीच चाळीस पोरं. इकडे मोती, तिकडे चहात बुडवलेली बिस्किटं.

"यातले खरे कोणते?"

फोटोवाल्याने तपकिरी गठ्ठ्यावर बोट ठेवलं.

"बोट चालत नाही. पांढरे मी केले, असं लिहून द्या. प्रत्येक फोटोमागे सही."

बाकावरची कुजबुज थांबली. फोटोवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती खुर्ची असूनही उभीच होती. त्याने पेन मागितलं आणि लिहायला बसला. दहाव्या सहीला कान लाल झाले, विसाव्याला बाकावर कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं. चाळीस सह्या झाल्या. साहेबांनी अर्जावर 'मंजूर' लिहून शिक्का मारला.

मग ते टेबलावरून पुढे वाकले. हळूच म्हणाले, "मुलीसाठी स्थळं बघतोय. एक फोटो काढायचा होता. तुमच्या हातचा."

फोटोवाल्याने पेनाला टोपण लावलं, पेन तपकिरी गठ्ठ्यावर आडवं ठेवलं आणि बाहेर पडला.