तानुबाईनं अर्ध्यावर सोडलेला चुडा

तुमच्या लेकीचा हात मांडीवर घेऊन जी बाई तिला लग्नाचा हिरवा चुडा भरते, तिचं नाव तुमाला माहीत आहे का? नसणारच. डीजेवाल्याचं नाव तोंडपाठ असतं, आचाऱ्याचा नंबर मोबाईलात असतो. कासारीण काय, आली, बांगड्या भरल्या, गेली.

हिचं नाव तानुबाई. राहायला पिंगळीत, स्टेशनच्या मागच्या बाजूला. वय पन्नाशीचं, गुडघे सत्तरीचे. पेटी घेऊन जिंतूर-सेलूकडच्या गावांतून फिरते. फिरायची म्हणू. आणि या धंद्याच्या आडून ती लग्नं मोडते. शाळकरी पोरींची.

मी जीवन. परभणीत बालविवाह थांबवणारी आमची संघटना आहे. तिला ना बोर्ड, ना कपाट. कायदा मी पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून शिकलो. तानुबाई कुठं शिकली ते ऐका.

तिचं लग्न साखरपुड्यात झालं. आमच्या भागात ही रीतच पडली आहे. पाहुणे जमलेले असतात, स्वयंपाक झालेला असतो, मग कुणीतरी फेटेवाला उठतो आणि म्हणतो, "परत खर्च कशाला, आजच उरकून टाका." दुपारपर्यंत लगीन लागलेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात कौतुक, साखरपुड्यातच शुभमंगल, अनिष्ट रूढींना फाटा. पोरगी केवढी, हे छापणारा विचारत नाही, वाचणारा तर नाहीच नाही.

तानुबाई तेव्हा सातवीत होती. संध्याकाळी मांडवात ती आपली चप्पल शोधायला लागली, घरी जायचं म्हणून. एक बाई म्हणाली, "तिकडं कुठं चाललीस? तुझं घर आता इकडं हाय. टेम्पोत बस."

पंधराव्या वर्षी बाळंतपण. मूल जगलं नाही, पिशवी कायमची दुखावली. नवरा वाईट नव्हता, मारत नव्हता, असं ती आजही सांगते आणि मला संताप येतो. मूल होईना म्हणून त्यानं पुण्यात दुसरं घर केलं. ही बापाकडून बांगड्यांची पेटी घेऊन पिंगळीला आली.

तरी ती लगेच काही समाजसेवा करायला निघाली नाही. पोट होतं. बरीच वर्षं बोलावतील तिथं चुडे भरले. एका लग्नात नवरीच्या हाताला सगळ्यात लहान मापाची बांगडीसुद्धा सैल व्हायला लागली. तानुबाईनं भरली, जेवली, घरी आली. दोन वर्षांनी त्याच घरातून परत निरोप आला, चुडा घेऊन ये. पोरगी बाळंतपणात गेली होती. अहेव मेलेल्या बाईला हिरवा चुडा भरून पाठवतात ना, त्यासाठी. तोच हात. बांगडी तेव्हाही सैलच बसली.

त्यानंतर ती मला शोधत परभणीला आली. खुर्चीवर बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "लग्न कुठं हाय ते कासारणीला पयले कळतंय. पुढं काय करायचं ते सांग."

यंदाच्या वैशाखात चारठाण्याच्या पलीकडच्या एका गावातून तिला फोन आला. गावाचं नाव लिहीत नाही. पोरीचं घर तिथं आहे. तिचं आणि तिच्या बापाचं नावसुद्धा मी बदललं आहे. "माणिकरावच्या निकिताचा साखरपुडा हाय. पूर्ण चुडा आण, सासरच्या बायकांनाबी भरायचाय." साखरपुड्याला पूर्ण चुडा? तानुबाईनं हो म्हणून फोन ठेवला आणि मला लावला. पोरीनं नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती.

मी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवलं, ठाण्यात कळवलं. ग्रामसेवकाचा फोन लागेना. ठाण्यातून उत्तर आलं, गाडी बंदोबस्तात आहे, येतो. येतो म्हणजे कधी, हे आम्हाला ठाऊक आहे. चुडा भरल्याशिवाय नवरीला बाहेर काढत नाहीत. म्हणून तानुबाई म्हणाली, "मी हात धरून बसते. तू ठाण्याला फोन लावत ऱ्हा."

तिला मोटारसायकलवर घेऊन गेलो. पेटी उतरवली आणि पेटीवाला म्हणूनच दाराजवळ बसलो.

आत एका बाईचा आवाज चढला, "अगं कासारीण, चुडा भरायलीस का पोथी वाचायलीस?"

"हात कडक हाय वो पोरीचा. साबण आणा."

साबण आला. "ह्याला फेसच न्हाई. दुसरा आणा."

दुसरा आला. मग कट्‌ असा आवाज.

"वाढली," तानुबाई म्हणाली.

"आणिक? अगं, पेटी रिकामी करतीस का काय?"

"माझ्याच बांगड्या हायत, माझंच नुकसान. तुमी का जीवाला लावून घ्यायल्या?" बायका हसल्या.

तानुबाईचा आवाज खाली गेला. "अकरावीला कुठं जाणार गं?"

"जिंतूरला जायचं होतं, मावशी. बाबा नको म्हणले."

पुन्हा कट्‌. बाहेर भटजी घड्याळ बघायला लागला. मी रस्त्याकडं.

शेवटी पोलिसांची गाडी आली. गावातले जुने पुढारी आबासाहेब हात जोडूनच पुढं झाले. "साहेब, निस्ता साखरपुडा हाय वो. कायद्यानं साखरपुडाबी बंद केला का काय?"

तानुबाई उंबऱ्यात आली, हात साबणानं ओले. "साखरपुडा हाय ना, आबासाहेब? मग ताटात मंगळसूत्र कशाला? आन ह्यो अंतरपाट कुणाचा टावेल हाय का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग एकदम सगळं तापलं. "कासारीण हाय का पोलिसाची खबरी?" "खाल्ल्या घराचे वासे मोजायलीस?" माणिकराव मात्र ओरडला नाही. मान खाली घालून म्हणाला, "चांगलं स्थळ होतं, बाई. तुला काय मिळालं?"  माझ्याकडं उत्तर होतं, पण तानुबाईनं माझा दंड दाबला.

लग्न थांबलं. बापानं अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणार नाही असं लिहून दिलं. तुमी टाळ्या वाजवायच्या असतील तर इथंच वाजवून घ्या. कारण आम्ही निघालो तेव्हा निकिता डाव्या हातात चुडा आणि उजवा हात मोकळा अशी दारात आली. आभार मानायला नव्हे. "मावशी, तुमी तर चालल्या. मला ह्याच घरात ऱ्हायचंय," म्हणाली. "ह्या काढू का?"

आतून आई ओरडली, "काढू नको, अपशकुन होतोय."

तानुबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोटारसायकलवर बसली. फाट्यावर चहा घेताना म्हणाली, "माझ्या वक्ताला कुणी आलं असतं तर मीबी त्याला शिव्याच दिल्या असत्या."

तेव्हापासून त्या पट्ट्यातून तिला एकही बोलावणं नाही. एका गावातून दुसऱ्या गावात बातमी गेली, ती कासारीण लग्न मोडते. आता ती परभणीच्या बाजारात पेटी मांडून बसते. गिऱ्हाईक तुरळक. घरात जाणं संपलं, तसं कळणंही संपलं. "थकले रे," म्हणते. मी पण थकलो, पण ते तिला सांगत नाही.

मागच्या आठवड्यात कळलं, निकिताला मामाच्या गावी पाठवलं आहे. सुट्टीला म्हणे. कुठल्या तालुक्यात, कुणी सांगत नाही. याचा अर्थ तानुबाईला समजतो, मलाही समजतो. तिथं परत साखरपुडा होईल. त्या दारात तिला कुणी उभं करणार नाही, आणि माझं तोंड आता सगळ्यांना माहीत आहे.

आवतण तुमाला येईल. पाहुणे म्हणून, भावकी म्हणून, दुकानाचं गिऱ्हाईक म्हणून. तिथं पोरगी शाळकरी दिसली, तर बाजूला जा आणि १०९८ ला फोन लावा. तुमचं नाव सांगू नका, नुसतं गाव सांगा. पण जेवणाआधी लावा, जेवणानंतर नको.