गुलाबाच्या पेटीतलं रक्त

शिरूरपासून दौंडपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात रक्ताच्या रिपोर्टवर चटकन विश्वास न ठेवणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. गेली वीस-बावीस वर्षं साडू गावोगाव फिरून लॅबसाठी रक्त गोळा करतात. लोक आजाराला भितात, सुईला भितात. साडू फक्त खड्ड्याला भितात. मोटारसायकलवर रक्ताच्या नळ्यांचा डबा बांधला, की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देऊन त्यांच्या पुढे निघून जातो. न्हावऱ्याच्या रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक त्यांना तोंडपाठ आहे आणि त्यातला एक घालणाऱ्याला ते अजून शोधताहेत. "पेशी लई नाजूक असत्यात," ते सांगतात. "हादरल्या की फुटत्यात, आन् आतलं समदं बाहेर. मग मशीन म्हणतं, पेशंट गेला. पेशंट तिकडं भजी खात असतो."

हा धंदा त्यांच्या अंगात इतका मुरला आहे, की घरात सरबताची बाटलीही कुणी खळखळ हलवायची नाही. ती हलक्या हातानं उलटीसुलटी करायची, मोजून आठ वेळा. बाजारात कुणी नारळ कानाशी धरून हलवायला लागला, की साडू तोंड फिरवतात. त्यांच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीवर नाव, तारीख, वेळ. कालच्या मटकीच्या उसळीवर मी 'सकाळी ९.४०' असं वाचलेलं आहे. चिठ्ठी नसलेला डबा ते उघडत नाहीत. एकदा त्यापायी त्यांनी स्वतःच्याच वाढदिवसाचं श्रीखंड नाकारलं होतं. एवढ्या वर्षांत मेव्हणीबाईही आता चिठ्ठीवर वेळ टाकायला शिकल्या आहेत.

एका लग्नात शेजारच्या पाटावर रांजणगावच्या कंपनीतले एक सुपरवायझर बसले होते. रक्तातली साखर कशी एकदम खाली आणली, हे ते सगळ्या पंगतीला ऐकवत होते. साडूंनी वरणभात कालवत विचारलं, "नळी किती वाजता भरली?" ते म्हणाले, सकाळी सातला. "लॅबला कवा पोचली?" ती म्हणे साध्या नळीत भरून मित्राच्या खिशातून कंपनीच्या बसनं फिरत फिरत दुपारी पोचली. साडूंनी घास गिळला. "मग शुगर तुमची न्हाई उतरली. नळीतल्या पेशींनी खाल्ली. त्यांना बी भूक लागती, पाच तास झालं व्हतं." सुपरवायझरसाहेबांनी हातातली जिलेबी खाली ठेवली. पुढच्या लग्नापासून पंगतीत साडूंच्या शेजारची जागा रिकामीच राहते.

या सगळ्यामुळे सासरच्या मंडळींनी साडूंपासून आजार लपवायला सुरुवात केली, आणि मागच्या वर्षी तेच अंगाशी आलं. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, भीमेकाठच्या गावात राहतात. चार दिवस जुलाब होऊन ते गळून गेले होते. गावातल्या डॉक्टरांनी संध्याकाळी रक्त काढून दिलं आणि तपासून आणा म्हणाले. आमचा मेहुणा गुलाबाची शेती करतो. त्याचा टेम्पो रोज रात्री फुलं घेऊन पुण्याला जातो. सकाळी मार्केट उरकलं की नळी पुण्याच्या लॅबमध्ये द्यायची, असं त्यानं ठरवलं. साडूंना कळवलं असतं तर आधी तासभर भाषण ऐकावं लागलं असतं, म्हणून कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर रिपोर्ट आला. पोटॅशियम सातच्या वर. डॉक्टर म्हणाले, हृदय कधीही थांबू शकतं, ताबडतोब पुण्याला हलवा.

मी दौंडहून पोचलो तेव्हा अंगणात गाडी सुरू होती. सासूबाई रडत होत्या, भावकी जमली होती, आणि आप्पा मागच्या सीटवर बसून सगळ्यांकडे पाहुण्यासारखे बघत होते. गाडी निघणार एवढ्यात मेव्हणीबाईंना गेलेल्या फोनवरून कळून शिरूरहून साडू आले, आणि त्यांनी मोटारसायकल गाडीला आडवी लावली.

"नळी कशात नेली?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"दाजी, आता इचारायची येळ हाय का ही? गाडी काढा!"

"कशात नेली?"

"गुलाबाच्या पेटीत," मेहुणा ओरडला. "थर्माकोलच्या. बर्फाच्या बाटल्यांच्या मधोमध ठेवली व्हती. फुलं तीन दिस टिकत्यात, रक्ताला एक रात्र काय व्हतंय?"

साडूंनी डोळे मिटले. मग त्यांनी एकेक विचारायला घेतलं: किती वाजता काढलं, दंडाला पट्टा किती वेळ होता, मूठ उघडझाप करायला लावली होती का. अंगणातल्या माणसांचा संयम सुटत चालला होता. खरं सांगतो, माझाही सुटला होता. शेवटी साडू म्हणाले, "रक्तातलं पाणी पेशींपासून वेगळं न करता बर्फात ठेवलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. हा रिपोर्ट आप्पांचा न्हाई, पेटीचा हाय. पण मी म्हणतो म्हणून घरी बसायचं न्हाई. पुणं अडीच तास, दौंड अर्धा तास. दौंडला हृदयाची पट्टी, ईसीजी काढू, नवीन रक्त देऊ. खरंच वाढलं असलं तर औषध तिथं बी मिळतंय."

"आन् आप्पांना काय झालं तर?" मेहुण्यानं त्यांची कॉलर धरली.

"तर माझ्यामुळं झालं," साडू म्हणाले.

गाडी दौंडला निघाली. रस्त्यात आप्पांनी एकदा उसाला पाणी कमी पडल्याचं सांगितलं. दौंडच्या दवाखान्यात हृदयाची पट्टी नॉर्मल निघाली. तिथल्या सिस्टर साडूंच्या ओळखीच्या, म्हणून रक्त साडूंनीच काढलं. अंधारात शीर शोधणारा हा माणूस, पण पहिली सुई चुकली. दुसऱ्यांदा लागली. नळी त्यांनी दोन्ही हातांत धरून स्वतः लॅबपर्यंत चालत नेली. तासाभरानं आकडा आला, चार पूर्णांक दोन, म्हणजे अगदी ठीक. मेहुणा भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला.

साडू तिथं नव्हते. ते मला बाहेरच्या पायरीवर सापडले. मी चिडवायला म्हणून गेलो होतो. आता वर्षभर सगळ्या भावकीला ऐकवा, असं काहीतरी म्हणणार होतो. पण त्यांचा चेहरा बघून चिडवणं सोडून दिलं.

"मी आल्या आल्या नळीचं इचारलं," ते म्हणाले. "आप्पा समोर बसलेलं. तुमाला कसं वाटतंय, एवढं बी इचारलं न्हाई मी. आन् पेटीचं माझं खरं निघालं नसतं तर?"

मला या माणसाचं फार वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसलो. एवढ्यात आप्पाच हळूहळू बाहेर आले. कोपरावर कापूस धरलेला. ते साडूंच्या पलीकडे टेकले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "आज दोनदा टोचलंत. तुमची सुई कवा चुकत न्हाई."

साडूंनी आप्पांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि कापसावर अंगठा दाबून धरला. रक्त केव्हाच थांबलं होतं. ते त्यांना आम्हा दोघांपेक्षा चांगलं ठाऊक होतं, तरी गाडी येईपर्यंत त्यांनी अंगठा काढला नाही.