झोळीला चार माणसं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

माझं काम पडताळणीचं. तलासरीकडच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला दवाखान्यात कसं आणायचं — जीप कुठवर, पुढे झोळी की ट्रॅक्टर — हे ठरवणारा एक प्रोग्राम होता. तो कुठल्याही परिस्थितीत बाईला वाऱ्यावर सोडणार नाही, हे मी गणिताने सिद्ध करायचं. माझं साधन सगळ्या शक्यता धुंडाळायचं आणि एक जरी फसली, तरी ती समोर आणून टाकायचं.

एक फसतच होती. जीप रस्त्याच्या टोकाला, बाई पाड्यावर, आणि झोळी उचलायला माणसंच नाहीत. असं कधी होतं का? — मला विचारताय? डहाणूला आमची चिकूची वाडी आहे. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जातात, बोटींवर जातात. आमच्याकडे फळं उतरवायला माणूस मिळत नाही. लहानपणापासून बघतेय मी हे.

दुसऱ्या दिवशी साहेबांना काम दाखवायचं होतं. मी गृहीतकांत एक ओळ घातली — प्रत्येक पाड्यावर झोळी उचलायला चार माणसं नेहमी हजर. झालं, सिद्ध! गृहीतकांची यादी शेवटच्या पानावर असते. ती कोण वाचतं? टाळ्या पडल्या. मी पेढे वाटले हो.

दिवाळीनंतर दोन महिन्यांनी, भर दुपारी, जीप रस्त्याच्या टोकाला थांबून राहिली. शेजारच्या गावात ट्रॅक्टर नुसता उभा होता. प्रोग्रामने तो मागवलाच नाही. माणसं नसली तर काय, हे त्यात नव्हतंच, आणि माझ्या ओळीमुळे ती उणीव झाकली गेली होती. पाड्यावर अडलेली सुनंदा खाटेवरच गेली. बावीस वर्षांची. बाळही गेलं.

चौकशीत मी सिद्धता पुढे केली. नियोजनात चूक नाही, असं ठरलं. मग उरल्या पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई — त्यांनी माणसं गोळा केली नाहीत म्हणे. त्या माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमी तर हितल्याच ना? सांगा ना यांना. पाड्यावर होताच कोन? सगली भट्टीवर गेलेली."

आणि मी म्हणाले, "मला पाड्यांची तेवढी कल्पना नाही."

आशाताईंचं काम गेलं. माझी स्वतःची मला किळस येते, रोज येते, आणि तरी मी रोज कामावर जाते. ती ओळ मी त्याच आठवड्यात गुपचूप काढली आणि प्रोग्राम दुरुस्त करून घेतला; आता माणसं नसली की ट्रॅक्टर जातो. या सुधारणेबद्दल सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. तेही मी घेतलं.